विंडोज १० नंतर लिनक्स: आपल्या लॅपटॉपला कुठला डेस्कटॉप मानवेल?

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वाढीव मुदत घेतली तरी घरगुती वापरासाठी ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचे आय३, आय५ लॅपटॉप बाहेर पडले. ठाण्यापासून पनवेलपर्यंत घराघरांत असे लॅपटॉप आहेत. ऐरोली, महापे, घणसोलीच्या कंपन्यांनी काढून टाकलेले आणि मग सेकंडहँड बाजारातून घेतलेले लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुकही त्यातच आले. ही मशीन्स धडधाकट आहेत. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर आणखी पाच वर्षं सहज चालतील.

शेजारी, नातेवाईक, सोसायटीतली मुलं माझ्याकडे अशी मशीन्स घेऊन येतात. ‘लिनक्स टाकू का?’ या प्रश्नाचं उत्तर सोपं असतं. गोंधळ पुढे होतो. लिनक्स मिंटच्या डाउनलोडच्या पानावर सिनॅमन, माटे, एक्सएफसीई असे तीन पर्याय दिसतात. उबंटूकडे गेलात तर कुबंटू, झुबंटू, लुबंटू अशी अख्खी भावंडं उभी असतात. यातलं घ्यायचं कुठलं, तिथे माणूस अडतो आणि बऱ्याचदा तिथूनच परत फिरतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. व्हिडिओ बघून डेस्कटॉप (म्हणजे पडद्यावरची मांडणी) निवडू नका. तुमच्याच मशीनवर, तुमच्याच कामांनी, डिस्कला हात न लावता बघा आणि मग ठरवा. त्यासाठी एक पेनड्राइव्ह आणि सुट्टीची एक दुपार पुरते.

१. आधी मशीनची कुंडली कागदावर उतरवा

चार गोष्टी लिहा: प्रोसेसर, रॅम, डिस्क कुठली आहे (हार्ड डिस्क की एसएसडी), आणि स्क्रीनचं रिझोल्यूशन. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ या पानावर पहिल्या दोन मिळतात. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ टॅबवर डिस्कचा प्रकार दिसतो. वाय-फायचं कार्ड कुठल्या कंपनीचं आहे तेही डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघून लिहून ठेवा, पुढे कामाला येईल.

डिस्क फिरणारी हार्ड डिस्क असेल तर बाकी सगळं थांबवा आणि आधी एसएसडी घाला. हे मी प्रत्येकाला सांगतो. हार्ड डिस्कवर सर्वांत हलका डेस्कटॉपही रडतो, आणि एसएसडीवर भारी डेस्कटॉपही नीट चालतो. २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी घरच्या वापराला भरपूर झाली. ठाण्याच्या नौपाड्यात, नवी मुंबईत वाशीला दुरुस्तीची दुकानं आहेत, तिथे बसवून मिळते. स्वतः बसवणार असाल तर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारा. घेताना पक्कं बिल घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते. रॅम ४ जीबी असेल आणि दुसरा स्लॉट रिकामा असेल तर ८ करून घ्या. मशीन उघडलेलंच असतं, एकाच खेपेत काम होतं.

मशीन इतकं जुनं असेल की प्रोसेसर ३२ बिटचा आहे, तर त्यावर वेळ घालवू नका. उबंटू, मिंट, फेडोरा यांच्या मुख्य आवृत्त्या आता ६४ बिटच्याच येतात.

२. विंडोजशिवाय काय अडेल ते आधीच ठरवा

टॅली, ऑटोकॅड, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, फोटोशॉप हे लिनक्सवर थेट चालत नाहीत. पर्यायी प्रोग्रॅम आहेत, पण ऑफिसकडून टॅलीची फाइल येत असेल तर पर्यायाचा उपयोग नाही. डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरणारे सीए, वकील आणि टेंडर भरणारे कंत्राटदार यांनी एक विंडोज मशीन ठेवावंच. काही टोकनचे ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतात, पण रिटर्नच्या शेवटच्या तारखेला तो प्रयोग नको. मुलांच्या ऑनलाइन परीक्षेसाठी ‘सेफ एक्झाम ब्राउझर’ लागत असेल तर तोही लिनक्सवर चालत नाही.

नेट बँकिंग, आधार, डिजिलॉकर, रेल्वेचं तिकीट, गुगल मीट ही ब्राउझरमधली कामं, ती तशीच होतात. झूमचा लिनक्स प्रोग्रॅम मिळतो. टीम्सचा स्वतंत्र प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये बंद केला, आता ते ब्राउझरमधून वापरायचं.

प्रिंटरचं नाव आणि मॉडेल बघून ठेवा. एचपीचे बहुतेक प्रिंटर निमूट चालतात. ठाण्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि घरगुती ऑफिसांत दिसणारा कॅनॉनचा एलबीपी २९०० मात्र वेगळ्या पद्धतीने बोलतो आणि लिनक्सवर त्याला मनवायला खटपट लागते. तो रोजचा प्रिंटर असेल तर निर्णय घेण्याआधी हे लक्षात असू द्या.

३. डेस्कटॉप आणि डिस्ट्रो यात गल्लत करू नका

लिनक्स हा आतला गाभा. त्याच्याभोवती सगळं सामान बांधून तयार केलेली व्यवस्था म्हणजे डिस्ट्रो, उदाहरणार्थ उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन. आणि डोळ्यांना दिसतो तो खालचा पट्टा, मेनू, खिडक्या, सेटिंग्ज आणि फाइल उघडायचा प्रोग्रॅम, हा सगळा डेस्कटॉप. एकाच इमारतीतले फ्लॅट असतात तसं हे आहे: पाण्याची लाइन आणि वायरिंग एकच, आतली मांडणी ज्याची त्याची. कुबंटू आणि झुबंटू दोन्ही उबंटूच आहेत, फक्त मांडणी निराळी.

इतके डेस्कटॉप का, याला कारण आहे. केडीई १९९६ मध्ये सुरू झालं, नोम १९९७ मध्ये. २०११ मध्ये नोमने तिसऱ्या आवृत्तीत जुना मेनू आणि पट्टा काढून टाकला आणि अगदी नवी रचना आणली. लोकांना ती रुचली नाही. एका गटाने जुनं नोम तसंच पुढे चालवलं, ते माटे. मिंटच्या मंडळींनी नव्या पायावर जुन्या वळणाची मांडणी उभी केली, ते सिनॅमन. म्हणून आज माटे आणि सिनॅमन दोन्ही विंडोज ७ च्या सवयीच्या माणसाला ओळखीचे वाटतात.

४. सहा डेस्कटॉप, आणि कुणी कुठला घ्यावा

*सिनॅमन.* विंडोजवरून येणाऱ्या, ८ जीबी रॅमच्या मशीनवाल्या माणसाला मी आधी हाच दाखवतो. खाली पट्टा, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ आणि वाय-फाय. काही शिकवावं लागत नाही. त्याचा फाइल मॅनेजर नेमो. त्यात एफ३ दाबलं की खिडकीचे दोन भाग होतात, मग पेनड्राइव्हमधून घरच्या फोल्डरमध्ये फोटो ओढणं सोपं जातं. सेटिंग्ज एकाच जागी आहेत आणि नावं समजतील अशी आहेत. सिनॅमन हवा असेल तर मिंटमधूनच घ्या, तो तिथेच घडतो.

*एक्सएफसीई.* ४ जीबी रॅम असेल आणि वाढवता येत नसेल तर हा. दिसायला साधा आहे, पण त्याच्यात काही बिघडत नाही, काही अचानक बदलत नाही. घरातल्या ज्येष्ठांना एकदा लावून दिला की वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि मला वाटतं ही त्याची सर्वांत मोठी गोष्ट आहे. उणीव एकच: लहान स्क्रीनवर फुल एचडी रिझोल्यूशन असेल तर अक्षरं बारीक दिसतात, आणि सव्वापट किंवा दीडपट मोठं करण्याची सोय इथे कच्ची आहे. उपाय असा की ‘अपिअरन्स’मध्ये ‘फॉन्ट्स’ टॅबवर डीपीआय ९६ वरून ११० किंवा १२० करा. मेनूपासून फाइलच्या नावांपर्यंत सगळी अक्षरं मोठी होतात.

*केडीई प्लाझ्मा.* हौशी माणसाचा डेस्कटॉप. पट्टा वर न्या, खाली न्या, दोन करा, सगळं बदलता येतं. पूर्वी भारी म्हणून बदनाम होता, आता तसं राहिलेलं नाही. ८ जीबीवर मजेत चालतो. केडीई कनेक्ट नावाची सोय यात फार छान आहे: अँड्रॉइड फोन आणि लॅपटॉप एकाच वाय-फायवर असले की फोनवरचा मेसेज स्क्रीनवर दिसतो, फाइल इकडून तिकडे जाते. पण इतके पर्याय बघून नवखा माणूस भांबावतो. सेटिंग्जमध्ये रमणारा कॉलेजचा मुलगा असेल तर जरूर द्या. आजींना देऊ नका. मिंटमध्ये प्लाझ्मा शोधू नका, ती आवृत्ती मिंटने २०१७ नंतर बंद केली. कुबंटू घ्या किंवा फेडोराची केडीई आवृत्ती.

*नोम.* मुख्य उबंटूमध्ये आणि फेडोरा वर्कस्टेशनमध्ये हा येतो. सुबक आहे, टचपॅडवर तीन बोटांनी सरकवायला उत्तम. पण विंडोजच्या सवयी इथे सोडाव्या लागतात. विंडोजची कळ दाबली की सगळ्या उघड्या खिडक्या एका नजरेत दिसतात, तिथेच टाइप करून प्रोग्रॅम उघडायचा. मूळ नोममध्ये खिडकी खाली करायचं बटणही नसतं. उबंटू ते आणि कडेचा डॉक (प्रोग्रॅमच्या चिन्हांचा पट्टा) स्वतःहून जोडतो. १३६६ बाय ७६८ च्या जुन्या स्क्रीनवर वरचा पट्टा आणि डॉक मिळून जागा खातात. ज्याने आधी संगणक फारसा वापरलेला नाही, फोनच वापरला आहे, अशा माणसाला हा मात्र पटकन जमतो.

*माटे* चांगला आहे, सिनॅमनपेक्षा थोडा हलका. पण आज नव्याने सुरू करणाऱ्याने एक्सएफसीई आणि सिनॅमन यांच्यातच निवड करावी. *एलएक्सक्यूटी* लुबंटूमध्ये मिळतो, सर्वांत हलक्यांपैकी आहे. २ जीबीच्या मशीनवर तोच टाका, पण अपेक्षा बेताच्या ठेवा.

रॅमबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात घ्यावी. डेस्कटॉप-डेस्कटॉपमधला फरक काही शे एमबीचा असतो. ब्राउझरच्या दहा-बारा टॅब त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त खातात. ४ जीबीच्या मशीनवर हलका डेस्कटॉप टाकून वीस टॅब उघड्या ठेवल्या तर ते अडखळणारच.

५. मुदत बघा, नुसतं नाव नको

या सापळ्यात खूप जण सापडतात. उबंटूची दीर्घ मुदतीची (एलटीएस) आवृत्ती सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते: २२.०४, २४.०४ अशी. मुख्य उबंटू २४.०४ ला पाच वर्षं, म्हणजे २०२९ पर्यंत अपडेट आहेत. त्याच आकड्याच्या कुबंटू, झुबंटू, लुबंटूची मुदत मात्र तीनच वर्षं आहे, एप्रिल २०२७ पर्यंत. पानावर सगळीकडे ‘२४.०४ एलटीएस’ असंच लिहिलेलं असल्यामुळे माणूस फसतो.

मिंटच्या २२ मालिकेतल्या तिन्ही आवृत्त्यांना, सिनॅमन असो वा एक्सएफसीई, २०२९ पर्यंत अपडेट आहेत. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते, म्हणजे वर्षातून एकदा तरी पुढच्या आवृत्तीवर जावं लागतं. स्वतः करणाराला हे चालेल. गावी आईवडिलांना लॅपटॉप लावून देऊन ठाण्याला परत येणार असाल तर मिंटच द्या.

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या मधल्या उबंटू आवृत्त्यांना नऊच महिने अपडेट मिळतात. नव्या माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

६. सामान गोळा करा

- ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, शक्यतो यूएसबी ३ चा
- बॅकअपसाठी वेगळी बाहेरची डिस्क किंवा दुसरा पेनड्राइव्ह
- फोन आणि त्याची डेटा जाणारी केबल (नुसती चार्जिंगची नको)
- वाय-फायचा पासवर्ड कागदावर
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की
- लॅपटॉपचा चार्जर. जुन्या बॅटरीवर भरवसा ठेवू नका

महावितरणचा देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा मेसेज आला असेल तर त्या दिवशी इन्स्टॉलचा बेत रद्द करा.

बिटलॉकरबद्दल जरा थांबून वाचा. बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडतात त्या मूळ सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय, बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज उघडताना ४८ आकडी की मागतं. ती नसेल तर आतले फोटो गेले असंच समजा. म्हणून बायॉसला हात लावण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की उतरवून घ्या.

७. एकाच पेनड्राइव्हवर तीन-चार डेस्कटॉप

तुलनेसाठी व्हेंटॉय हे उत्तम साधन आहे. मोफत आहे आणि मुक्त स्रोताचं आहे. विंडोजवर एकदा चालवून पेनड्राइव्ह तयार करायचा (त्यावरचं सगळं पुसलं जातं, आधी रिकामा करा). मग डिस्ट्रोच्या आयएसओ फाइली (साइटवरून उतरवलेली पूर्ण प्रत) साध्या फाइलीसारख्या त्यावर कॉपी करायच्या. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला की यादी येते, त्यातून हवा तो निवडायचा.

माझी शिफारस: मिंट सिनॅमन, मिंट एक्सएफसीई आणि कुबंटू किंवा मुख्य उबंटू. तीन पुरेत. सहा उतरवलेत तर निर्णय होणार नाही, आणि उबंटूची फाइल एकटीच सहा जीबीच्या आसपास असते, रोजचा डेटा पॅक संपून जाईल.

फाइल अधिकृत साइटवरूनच घ्या आणि पूर्ण उतरली आहे का ते तपासा. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’ मध्ये एसएचए-२५६ निवडा, आणि जो लांबलचक आकडा येईल तो साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉल मध्येच थांबतं आणि दोष उगाच मशीनला दिला जातो.

पेनड्राइव्हवरून सुरू करायची कळ कंपनीनुसार बदलते: डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप. एसरमध्ये एफ१२ चा मेनू आधी बायॉसमधून चालू करावा लागतो. सिक्युअर बूट चालू असेल तर व्हेंटॉय पहिल्या वेळी निळ्या पडद्यावर की नोंदवायला सांगतं. ती एकदाच नोंदवावी लागते, घाबरू नका.

८. लाइव्ह चाचणी: नेमकं काय बघायचं

यादीतून मिंट निवडल्यावर डेस्कटॉप थेट पेनड्राइव्हवरून चालू होतो. डिस्कला काहीही होत नाही. ‘इन्स्टॉल’ नावाचं चिन्ह पडद्यावर दिसेल, त्याला आज हात लावायचा नाही.

वेगावरून मत बनवू नका, पेनड्राइव्हवरून सगळंच संथ चालतं. बघायचं ते हे: वाय-फाय दिसतं का, आवाज येतो का, हेडफोन लावल्यावर आवाज तिकडे जातो का, ब्राइटनेसच्या कळा चालतात का, दोन बोटांनी पान सरकतं का, झाकण बंद करून पुन्हा उघडल्यावर मशीन जागं होतं का. झाकणाची चाचणी सगळे विसरतात, आणि नंतर सर्वांत जास्त त्रास तिचाच होतो. ब्राउझरमधून मीट उघडून कॅमेरा आणि माइक तपासा. प्रिंटर जोडून एक पान काढा.

वाय-फाय दिसलं नाही तर निराश होऊ नका. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायलाच इंटरनेट हवं असतं. फोन केबलने जोडा, फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, लगेच इंटरनेट येतं. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, तो स्वतःच ड्रायव्हर सुचवतो.

आता मराठी. आपल्यासाठी ही खरी परीक्षा आहे. सिनॅमनमध्ये सिस्टिम सेटिंग्ज, मग कीबोर्ड, मग लेआउट्स, तिथे अधिकच्या चिन्हावर क्लिक करून मराठी शोधा. एक्सएफसीईमध्ये कीबोर्डच्या ‘लेआउट’ टॅबवर आधी ‘सिस्टिम डिफॉल्ट’ची खूण काढावी लागते, तेव्हा कुठे ‘अ‍ॅड’चं बटण जागं होतं. यादीत कगप ध्वन्यात्मक (उच्चारानुसार कळा असलेला) लेआउट आहे, आणि इनस्क्रिप्ट ही सरकारी प्रमाण मांडणीही आहे.

आमच्या इमारतीच्या सेक्रेटरी काकांना मी टेबलाशी बसवून ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ पासून सोसायटीची अख्खी नोटीस टाइप करायला लावली. ‘दुसऱ्या मजल्यावरील’ इथे त्यांचं बोट अडलं. इनस्क्रिप्टमध्ये र च्या कळीवर शिफ्ट दाबलं की ऱ येतो, मग हलन्त, मग य. दोनदा केलं आणि हात बसला. तुम्हीही ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ॲप’, ‘ज्ञान’, ‘ऑक्टोबर’ एवढे शब्द लिहून बघा. हे नीट उमटले तर बाकीच्या मराठीची चिंता नको.

गुगलच्या साधनाने इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर क्रोममध्ये त्याचं एक्स्टेन्शन लिनक्सवरही चालतं, पण ते ब्राउझरपुरतंच. बाकी प्रोग्रॅमसाठी आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करायची सोय) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका, त्यात मराठीच्या उच्चारानुसार टाइप करायच्या पद्धती आहेत.

जुन्या फाइलींची एक अडचण सांगून ठेवतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेल्या नोटिसा, निमंत्रणपत्रिका, कविता लिनक्सवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात, आणि तो फॉन्ट मशीनवर नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. हे नव्या विंडोजवरही असंच होतं. कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं. मंगल किंवा कोकिळा फॉन्टमधल्या फाइली मात्र वाचता येतात, फक्त फॉन्ट बदलल्यामुळे पानं पुढेमागे सरकतात.

हीच सगळी चाचणी दुसऱ्या आणि तिसऱ्या डेस्कटॉपवर करा. मशीन जो रोज वापरणार त्यालाच बसवा, स्वतः करून दाखवू नका. त्याचा हात कुठे थबकतो ते बघा. निवड त्यावरून होते.

एक करू नका: तुलना करायची म्हणून एकाच इन्स्टॉलवर दोन-तीन डेस्कटॉप चढवू नका. दोन फाइल मॅनेजर, दोन सेटिंग्ज, मिसळलेल्या थीम असा पसारा होतो, आणि तो काढायला पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं.

९. इन्स्टॉल: सर्वांत बिनधोक वाट

नवी एसएसडी घेतलीच असेल तर जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा आणि लिनक्स नव्या एसएसडीवर टाका. विंडोज जसंच्या तसं जुन्या डिस्कवर राहतं. बाहेरची केस घेऊन ती यूएसबीला जोडली की फोटो कॉपी करता येतात (बिटलॉकर असेल तर तीच की इथेही लागते). मन बदललं तर जुनी डिस्क परत बसवा. माझ्या मते नवख्या माणसाने याच वाटेने जावं.

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही हवे असतील तर आधी पूर्ण बॅकअप घ्या, मग विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. विंडोजची जागा विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून कमी करा, लिनक्सच्या इन्स्टॉलरमधून नको. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायॉसमध्ये साटा ‘इंटेल आरएसटी’वर असण्याची शक्यता आहे. ते सरळ ‘एएचसीआय’ केलंत तर विंडोज उघडणार नाही; ते काम माहीतगाराला शेजारी बसवून करा. ‘इरेज डिस्क’ या पर्यायावर बोट ठेवण्याआधी डिस्कचं नाव आणि आकार मोठ्याने वाचा.

मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये ‘मल्टिमीडिया कोडेक्स’ची (गाणी, व्हिडिओ चालायला लागतात) खूण करा. टाइम झोन कोलकाता.

दोन्ही सिस्टिम ठेवल्यात तर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसू लागेल. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितो आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाउ’ केलं की तात्पुरतं जुळतं.

१०. पहिल्या दिवसाची कामं

पहिलं काम टाइमशिफ्ट. मिंटमध्ये तो आधीच असतो, फक्त चालू करायचा. सिस्टिमची जुनी प्रत जपून ठेवतो, एखाद्या अपडेटने काही बिघडलं तर मागच्या दिवसावर परत जाता येतं. तो तुमचे फोटो आणि कागदपत्रं जपत नाही, त्यांचा बॅकअप वेगळा.

मग ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’मध्ये जवळचा मिरर (अपडेट जिथून उतरतात तो सर्व्हर) निवडा. वेगाचे आकडे समोरच दिसतात, सर्वांत वेगवान घ्या. त्यानंतर अपडेट. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाका. सिक्युअर बूट चालू असल्यास तो एक पासवर्ड ठरवायला सांगेल, आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर तोच विचारेल. त्या पडद्यावर काही न करता पुढे गेलात तर ड्रायव्हर चालत नाही, म्हणून तो पासवर्ड लिहून ठेवा.

लिबरऑफिसमध्ये ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेजेस’ इथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची भाषा मराठी करा. दुसऱ्यांना पाठवायच्या फाइली वर्डच्या डॉकएक्स प्रकारात सेव्ह करा, पण छापायला देताना पीडीएफच द्या. झेरॉक्सच्या दुकानातल्या मशीनवर तुमचा फॉन्ट असेलच असं नाही.

११. अडलं तर

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात, मोफत आहेत. पडद्यावर काय दाबायचं ते दाखवत बोलतात, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना स्वतः शिकता येतं.

कुणालाही मदत मागताना ‘लिनक्स चालत नाही’ एवढंच लिहू नका. मिंटमध्ये ‘सिस्टिम रिपोर्ट्स’ (नव्या आवृत्तीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’) उघडा, मशीनच्या माहितीच्या पानावर जा आणि कॉपीचं बटण दाबा. मशीन, ड्रायव्हर, डेस्कटॉप आणि आवृत्ती सगळं त्यात येतं. ते चिकटवा, खाली तुम्ही काय दाबलं आणि पडद्यावर काय आलं ते दोन ओळींत लिहा, जमल्यास फोनने काढलेला पडद्याचा फोटो जोडा.